टॉप गिअर, ग्रँड टूर आणि ते तिघं: काय बघायचं, काय सोडलं तरी चालेल

ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांना आधीच सांगून टाकतो. टॉप गिअर आणि त्यानंतरचं ग्रँड टूर या गाड्यांवरच्या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांतलं स्टुडिओत उभं राहून केलेलं सगळं सोडलंत तरी काही बिघडत नाही, कोटी-कोटीच्या गाड्यांच्या टेस्टपण अर्ध्या सोडा, पण ते तिघं जुन्या गाड्या घेऊन कुठेतरी लांबच्या देशात निघतात ना, ते भाग एकही सोडू नका. तिघं म्हणजे जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे. गाडीवर एवढ्या प्रेमाने आणि एवढ्या मेहनतीने काढलेलं दुसरं काही मी तरी टीव्हीवर बघितलेलं नाही. सप्टेंबर २०२४ ला त्यांचा एकत्र शेवटचा भाग आला तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

मी दापोली तालुक्यातला, भावाचं गॅरेज आहे, रोजचा संबंध बोलेरो, जुन्या कमांडर, मासळीचे टेम्पो आणि रिक्षा यांच्याशी, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच नजरेतून आहे. आमच्याकडे गाडी घेताना शून्य ते शंभर किती सेकंदात जाते असं कोणी विचारत नाही. माणसं भरून आणि वर तांदळाची पोती टाकून कुंभार्ली घाट चढेल का, जांभ्याच्या रस्त्यावर खाली घासेल का, पार्ट चिपळूणला मिळतो की मुंबईवरनं मागवायला लागतो, आणि खाऱ्या वाऱ्यात पत्रा किती वर्षं टिकेल, हे विचारतात. आणि मला या कार्यक्रमाचं सगळ्यात जास्त कौतुक यासाठी आहे की त्यातले सर्वात चांगले भाग नेमके याच प्रश्नांवर उभे आहेत. गाडी बंद पडते, मग ती चालू कशी करायची, एवढीच गोष्ट. ती त्यांच्याइतकी छान कोणालाच सांगता आली नाही.

सुरुवात हायलक्सने करा. २००३ सालचा भाग आहे. क्लार्कसनने १००० पाउंडला एक जुनी डिझेल टोयोटा हायलक्स पिकअप घेतली, १९८८ चं मॉडेल, तीन लाख किलोमीटर पळालेली, आणि ठरवलं की हिला मारूनच दाखवायचं. पायऱ्यांवरून उतरवली, झाडाला ठोकली, नंतर बर्नहॅमच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात बांधून ठेवली. तिथला ब्रिस्टल चॅनेल नावाचा समुद्राचा पट्टा म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या भरती-ओहोटीच्या जागांपैकी एक, आपल्याकडे उधाणाला पाणी तीन मीटरच्या आसपास चढतं तिकडे ते दहा मीटरच्या वर जातं. गाडी वाहून गेली, पाण्याखाली गेली, ओहोटीला वाळूत रुतलेली सापडली. नियम काय तर नवीन पार्ट एकही टाकायचा नाही, फक्त साधी हत्यारं वापरायची. आणि ती गाडी सुरू झाली. नंतर क्रेनवरून खाली टाकली, आग लावली, शेवटी एका उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून ती इमारत सुरुंग लावून पाडली, तरी ढिगाऱ्यातून काढल्यावर इंजिनने स्टार्ट घेतला. नंतर कितीतरी वर्षं ती तशीच मोडकी हायलक्स त्यांच्या स्टुडिओत ठेवलेली असायची.

आता हे बघून लोक टोयोटाचं कौतुक करतात ते बरोबरच आहे, पण त्यामागचं कारण समजून घेतलं तर भाग अजून आवडेल. जुन्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नाही, कॉम्प्युटर नाही, पंप पण पूर्ण मेकॅनिकल. हवा, डिझेल आणि दाब एवढं मिळालं की तो चालतो. पाण्यात बुडला तर सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं, डिझेलच्या लाइनमधलं पाणी काढून एअर काढायची, मग प्रयत्न करायचा. पाणी न काढता सेल्फ मारला तर मात्र इंजिन गेलं, कारण पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा हे सगळं आमच्याकडे प्रत्यक्षात बघायला मिळालं, जुन्या साध्या डिझेल गाड्या धुवून पुसून बऱ्याच जणांनी परत रस्त्यावर आणल्या आणि नव्या गाड्या, ज्यांच्या सीटखाली आणि डॅशबोर्डमागे सगळं इलेक्ट्रॉनिक्स भरलेलं असतं, त्या इन्शुरन्सवाल्याने टोटल लॉसमध्ये काढल्या. म्हणून मी म्हणतो की हायलक्सचा भाग गंमत म्हणून बघू नका, किनाऱ्यावर किंवा नदीकाठी राहणाऱ्याने तो शिकण्यासाठी बघावा.

थोडा इतिहास, लांबवत नाही. टॉप गिअर सुरू झालं १९७७ मध्ये, बीबीसीच्या बर्मिंगहॅमकडच्या प्रादेशिक केंद्रावर, अँजेला रिपन ही बातम्या देणारी बाई तेव्हा तो कार्यक्रम करायची. पुढच्या वर्षी तो देशभर दिसायला लागला. साधा कार्यक्रम होता, कुठली गाडी घ्यावी, पेट्रोल किती खाते, सेकंडहँड घेताना काय बघावं. क्लार्कसन त्यात १९८८ ला आला आणि गाडीबद्दल रोखठोक बोलायला लागला, १९९९ ला सोडून गेला, २००१ ला बीबीसीने कार्यक्रमच बंद केला. मग क्लार्कसन आणि त्याचा शाळेतला मित्र अँडी विल्मन दोघांनी मिळून नवीन आराखडा मांडला आणि ऑक्टोबर २००२ पासून आपण ओळखतो तो टॉप गिअर सुरू झाला. डन्सफोल्डचं जुनं विमानतळ, हेल्मेट न काढणारा आणि एक शब्द न बोलणारा स्टिग नावाचा ड्रायव्हर, आणि नटनट्यांना एका साध्या गाडीत बसवून ट्रॅकवर फेरी मारायला लावणं. त्या साध्या गाड्यांपैकी एक शेव्हरोले लॅसेटी, जी आपल्याकडे ऑप्ट्रा नावाने विकली जायची, आमच्याकडे अजून एक-दोन येतात सर्व्हिसिंगला. हॅमंड पहिल्यापासून होता, मे दुसऱ्या सिरीजपासून आला, आणि त्या तिघांची जी जमली ती पुढे वीस वर्षांच्या वर टिकली. २०१३ मध्ये गिनीज बुकात जगात सगळ्यात जास्त ठिकाणी बघितला जाणारा फॅक्च्युअल, म्हणजे काल्पनिक गोष्ट नसलेला, कार्यक्रम म्हणून त्याची नोंद झाली.

ही माणसं काही मोठ्या घरातून थेट कॅमेऱ्यासमोर आली नव्हती हे मला आवर्जून सांगायचंय. क्लार्कसन रॉदरहॅमच्या एका स्थानिक पेपरात बातमीदार होता. हॅमंडने कितीतरी वर्षं लोकल रेडिओवर काढली. मे गाड्यांच्या मासिकात होता आणि १९९२ मध्ये तिथनं त्याची नोकरी गेली, का तर वार्षिक अंकाचं कंटाळवाणं काम करताना त्याने प्रत्येक रिव्ह्यूचं पहिलं अक्षर असं जुळवलं की ती अक्षरं सलग वाचली की लपवलेलं एक वाक्य निघायचं, आणि वाक्य हे की हे काम भयंकर डोकं उठवणारं आहे. संपादकाने काढून टाकलं. त्याच माणसाला पुढे २००७ मध्ये बुगाटी व्हेरॉन ताशी ४०० किलोमीटरच्या वर चालवायला मिळाली. शाळेत-कॉलेजात असताना गाड्यांवर काहीतरी लिहिणारी, व्हिडिओ काढणारी आमच्याकडची जी पोरं आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, लहान गावातल्या लहान पेपरात केलेलं काम वाया जात नाही.

आता लांबचे प्रवास. माझ्या मते सगळ्यात वरचा बोट्सवाना, २००७ चा. नियम असा की १५०० पाउंडच्या आतली, फोर व्हील नसलेली साधी गाडी घ्यायची आणि झिम्बाब्वेच्या हद्दीपासून नामिबियापर्यंत बोट्सवाना आडवा पार करायचा. क्लार्कसनने लॅन्सिया बीटा कूपे घेतली, ज्या मॉडेलचं नाव इंग्लंडात गंजण्यासाठीच खराब झालं होतं. मेने मर्सिडीज २३०ई. हॅमंडने १९६३ ची छोटीशी ओपेल कॅडेट, तिला त्याने ऑलिव्हर असं नाव ठेवलं. मध्ये मकगाडीकगाडी नावाचं मिठाचं भलंमोठं पठार लागतं, वरून पापुद्रा कडक आणि खाली चिखल. जड गाड्या रुतायला लागल्या तेव्हा दोघांनी दारं, काचा, सीट सगळं काढून फेकलं. हॅमंडने ऑलिव्हरचा एक स्क्रू काढायला नकार दिला आणि त्याची गाडी हलकी होती म्हणून ती तशीच निघून गेली. मग पुढे धुळीत बिनदाराच्या गाडीतले दोघं कसे झाले ते बघाच, आणि जनावरांच्या रानात शिरताना दारं पाहिजेत म्हणून त्यांना मिळेल त्या सामानाची दारं बनवावी लागली तेही बघा.

हे बघताना मला दरवेळी मुरुड-कर्द्याचा किनारा आठवतो. शनिवार-रविवारी मोठ्या गाड्या घेऊन लोक ओल्या वाळूवर उतरतात, वरून वाळू इतकी घट्ट दिसते की वाटतं रस्ताच आहे, पण थोडं पुढे गेलं की चाक बसतं, मग माणूस घाबरून रेस देतो आणि चाक अजून खाली जातं, तेवढ्यात भरती चढायला लागते. दोन टनाची गाडी वाळूत म्हणजे दोन टनाचीच, फोर व्हील असो नाहीतर काही असो. टायरमधली हवा कमी करा, गाडीतली माणसं उतरवा, रेस हळू द्या. आणि मुळात खाली उतरवूच नका. बोट्सवानाच्या भागात हलकी गाडी आणि जड गाडी यातला फरक जसा दिसतो तसा कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

त्या प्रवासात ऑलिव्हर नदीत बुडाली. हॅमंड रात्रभर बसून तिची वायरिंग वाळवत होता. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. नंतर तो ती गाडी इंग्लंडला घेऊन गेला आणि ती अजून त्याच्याकडे आहे. कॅमेऱ्यासाठी केलेलं नाटक असतं तर गाडी तिथेच सोडून आला असता.

दुसरा नंबर व्हिएतनामला, २००८. त्यांना हातात पैशांची पिशवी दिली, एकेकाला दीड कोटी डाँग, म्हणजे तिथलं चलन, तिघांना वाटलं श्रीमंत झालो, आणि गाड्यांच्या दुकानात गेल्यावर कळलं की यात मोटारच येत नाही. मग स्कूटर-मोटरसायकल. क्लार्कसनला दुचाकी येत नाही आणि आवडतही नाही, त्याच्या नशिबी जुनी व्हेस्पा आली. मेने होंडा सुपर कब घेतली, हॅमंडने मिन्स्क नावाची बेलारूसची मोटरसायकल. सायगाववरून निघून उत्तरेला हा-लाँग नावाच्या खाडीपर्यंत. आपल्या घरोघरीची बजाज स्कूटर त्याच व्हेस्पाच्या घराण्यातली, आणि सुपर कब म्हणजे तर जगात सगळ्यात जास्त बनलेलं वाहन, २०१७ मध्ये दहा कोटींचा आकडा पार केला होंडाने. हा भाग मी माझ्या बाबांबरोबर बघितला, त्यांना इंग्रजी फार समजत नाही, पण क्लार्कसनची स्कूटर चढणीला दम टाकायला लागली की ते स्वतःहून सांगायचे, "प्लगमध्ये कचरा आहे रे त्याच्या, काढून घासायला सांग." आणि पूर्ण तास जागचे हलले नाहीत. भात, नारळ, पाऊस, होड्या, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं, सगळं ओळखीचं दिसतं ना.

बोलिव्हिया पण चांगला आहे, २००९ चा, त्यात जुनी रेंज रोव्हर, जुनी लँड क्रूझर आणि छोटी सुझुकी. ही सुझुकी बघून आपल्याकडच्या लोकांना लगेच जिप्सी आठवेल, घराणं तेच. जंगलातून वर चढून डेथ रोड नावाच्या रस्त्यावर येतात, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, कठडा नाही, आणि समोरून गाडी आली की एकाने कडेला व्हायचं. तिथे क्लार्कसनचं बोलणं बंद होतं. घाटात गाडी चालवणाऱ्याला ते बरोबर समजेल. वर चढताना हवा विरळ झाल्यावर गाड्या आणि माणसं दोन्ही दमतात आणि एका जागी ते सरळ मागे फिरतात, मला ते फार पटलं, मागे फिरायला पण अक्कल लागते.

पाण्यातले भाग आमच्या किनाऱ्यावर बघितलेच पाहिजेत. तिघांनी गाड्यांच्या होड्या केल्या होत्या, पहिल्यांदा २००६ मध्ये तलावात, तिथे फजिती झाली, मग पुढच्या वर्षी थेट इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला निघाले. मेने ट्रायम्फ हेराल्डला शीड लावलं होतं, तो काही बंदरातून नीट बाहेर पडू शकला नाही. हॅमंडची व्हॅन बुडाली. क्लार्कसनच्या निसान पिकअपला पिंपं बांधलेली आणि मागे आउटबोर्ड, शेवटी तिघंही त्याच पिकअपमध्ये बसून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी टाकून वाशिष्ठी ओलांडणाऱ्या माणसाला यात काय धोका होता ते वेगळं सांगायला नको.

ग्रँड टूरमध्ये मग डिसेंबर २०१९ ला मेकाँग नदीचा भाग आला, यात गाडी नाहीच, तिघांनाही बोटी. क्लार्कसनकडे अमेरिकन सैन्य व्हिएतनाममध्ये वापरायचं तसली गस्तीची बोट, हॅमंडकडे निमुळती स्पीडबोट, मेकडे जुनी लाकडी. कंबोडियातून नदीने खाली व्हिएतनामचा त्रिभुज प्रदेश आणि शेवटचा टप्पा उघड्या समुद्रातून. शेजारचे एक काका आहेत, हर्णैला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान, म्हणून आयुष्य गेलं त्यांचं, त्यांना मी मुद्दाम बोलावून हा शेवटचा टप्पा दाखवला. लाटा मोठ्या व्हायला लागल्यावर ते टीव्हीच्या अजून जवळ सरकून बसले. म्हणाले, "अरे, ह्यांच्यातला एकपण समुद्राचा नाही. लाट मागून येते, बोट आडवी झाली की संपलं. त्या लाकडीवाल्याला सांग स्पीड सोडू नको." मी म्हटलं काका, हे शूटिंग आधीच झालंय, तर म्हणाले, "झालं असेल, पण पाणी खरं आहे." त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे माझ्यासाठी त्या भागाला पूर्ण मार्क आहेत. फोटोग्राफीपण इतकी सुंदर आहे की मोठ्या टीव्हीवरच बघा, मोबाइलवर वाया घालवू नका.

आता जे आवडलं नाही तेही स्पष्ट सांगतो. भारताचा भाग, डिसेंबर २०११. जॅग्वार एक्सजेएस, मिनी आणि रोल्स रॉइस सिल्व्हर शॅडो घेऊन मुंबई, जयपूर, दिल्ली करत हिमालयात. गाड्या उत्तम, रस्ते ओळखीचे, डबेवाल्यांसारखे डबे आपण लोकलऐवजी गाडीने पोचवून बघू ही कल्पना पण चांगली होती. पण क्लार्कसनने जॅग्वारच्या डिकीवर संडास बसवला आणि मुंबईत त्यावरून विनोद करत फिरला, ते मला लागलं, आजही लागतं. पुढच्याच महिन्यात आपल्या लंडनच्या उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली, ती योग्यच होती. त्याच्या आधी मेक्सिकोच्या लोकांबद्दल बोलून झालं होतं, नंतर २०१४ ला अर्जेंटिनात, त्यांच्या ब्रिटनबरोबरच्या फॉकलंड युद्धाची आठवण देणारी नंबर प्लेट असलेली पोर्शे घेऊन गेले आणि लोक चिडून मागे लागले, सगळ्या टीमला गाड्या टाकून देश सोडावा लागला. दुसऱ्याच्या गावात पाहुणे म्हणून जाताना तोंड सांभाळावं लागतं. बोट्सवाना आणि व्हिएतनाम इतके गोड का झाले, तर तिथे ते स्वतःच्या आणि एकमेकांच्या फजितीवर हसले, तिथल्या माणसांवर हसले नाहीत. हा फरक बघताना लगेच कळतो.

मार्च २०१५ मध्ये यॉर्कशायरच्या हॉटेलात शूटिंगनंतर गरम जेवण मिळालं नाही म्हणून क्लार्कसनने आपल्याच प्रोड्युसरला मारलं. बीबीसीने त्याचा करार पुढे वाढवला नाही. तेव्हा लाखो लोकांनी त्याला परत घ्या म्हणून सह्या केल्या, मी केली नसती. दिवसभर राबणाऱ्या हाताखालच्या माणसावर हात उचलणं याला कुठल्याही गॅरेजात, कुठल्याही बोटीवर माफी नसावी. तो कितीही मोठा कलाकार असला तरी.

त्यानंतर बीबीसीने टॉप गिअर चालू ठेवलं. ख्रिस एव्हान्स एक सिरीज टिकला, मॅट लेब्लांक बरा होता, पण मला त्यातला ख्रिस हॅरिस सगळ्यात आवडला, गाडी चालवताना ती काय करतेय ते इतकं समजावून सांगणारा माणूस क्वचित मिळतो. २०१९ ला पॅडी मॅक्गिनेस आणि अँड्र्यू फ्लिंटॉफ आले. हो, तोच फ्लिंटॉफ, फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर मॅच जिंकून शर्ट काढून धावला होता आणि जुलैमध्ये लॉर्ड्सच्या बाल्कनीत गांगुलीने त्याला उत्तर दिलं होतं. कार्यक्रमात तो छान रुळला होता. १३ डिसेंबर २०२२ ला डन्सफोल्डच्याच ट्रॅकवर तीन चाकी, उघडी मॉर्गन चालवताना ती उलटली, त्याच्या चेहऱ्याला खूप मोठ्या जखमा झाल्या, कितीतरी महिने तो लोकांसमोर आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवला.

याच्या आधी हॅमंडचं झालं होतंच. सप्टेंबर २००६, जेट इंजिनची व्हॅम्पायर नावाची गाडी, ताशी ४६४ किलोमीटर वेग, पुढचा टायर फुटला. मेंदूला मार लागला. चार महिन्यांत तो परत पडद्यावर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रिमॅक ही इलेक्ट्रिक गाडी चढणीच्या शर्यतीनंतर रस्त्याखाली गेली आणि पेटली, तो वेळेत बाहेर निघाला. एकाच कार्यक्रमाच्या मागे एवढं रक्त सांडायला नको होतं असं मला वाटतं. लोकांना तो वेग लागतच नव्हता हो, ऑलिव्हर ताशी ऐंशीने चालली तरी आम्ही बघतच होतो.

ग्रँड टूर नोव्हेंबर २०१६ ला अ‍ॅमेझॉनवर सुरू झालं. सुरुवातीच्या सिरीज तंबूत प्रेक्षक बसवून केलेल्या, त्यात पैसा भरपूर दिसतो पण विनोद ओढूनताणून केलेले आहेत, मी पुढे ढकलत बघितलं. तंबू बंद करून फक्त प्रवास ठेवले तेव्हा कार्यक्रम परत जागेवर आला. शेवटचा भाग १३ सप्टेंबर २०२४ चा, झिम्बाब्वेमधला. क्लार्कसन पुन्हा लॅन्सियात, हॅमंड फोर्ड कॅप्रीत, मे ट्रायम्फ स्टॅगमध्ये, तिघांच्याही मनातल्या जुन्या गाड्या. आणि शेवट बोट्सवानातल्या त्याच मिठाच्या पठारावर. बोट्सवानाचा भाग आधी बघूनच हा बघा, उलट केलंत तर अर्धी चव जाईल.

आता एकेकाचं पुढचं काम, कारण मला वाटतं तिथेच कळतं की कोणाला मनातून काय आवडत होतं. क्लार्कसनचं शेतीचं, क्लार्कसन्स फार्म, २०२१ पासून. ऑक्सफर्डशायरमध्ये हजारेक एकर जमीन, भलामोठा लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर जो शेतातल्या शेडमध्ये मावत नाही, आणि केलेब कूपर नावाचा गावातला तरुण पोरगा त्याला शिकवतो की नांगर कसा धरायचा, पेरणीच्या रेषा कशा सरळ येतात. केलेब त्याला सगळ्यांसमोर ओरडतो आणि क्लार्कसन ऐकून घेतो. पहिल्या वर्षभराच्या कष्टाचा नफा निघाला १४४ पाउंड. आमच्याकडे अवकाळी पावसात मोहर गळालेला आंबेवाला तो आकडा ऐकून हसणार नाही, मान हलवेल. पाऊस पेरणीला शेतात शिरू देत नाही, भाव हातात नाही, पंचायत-परवानग्यांचा त्रास, सगळं तेच. माझ्या मते क्लार्कसनने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, शेतकऱ्याचा हिशोब एवढ्या लोकांपर्यंत पोचवणं सोपं नाही.

हॅमंडने जुन्या गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप काढलं, २०२१ मध्ये त्याची सिरीज आली. धंदा म्हणून गॅरेज चालवणं किती अवघड असतं, कारागीर, जागा, येणं-जाणं पैशाचं, ते यात खरंखुरं दिसतं. थोडी लांबट आहे पण गॅरेजवाल्यांनी बघावी.

आणि मे. तिघांमध्ये माझा आवडता. जपान, इटली आणि जानेवारी २०२४ मध्ये भारत, असे त्याचे प्रवास आहेत, भारताची सुरुवात मुंबईपासून करून तो पूर्वेकडे जातो. क्लार्कसनने जिथे खोड्या केल्या तिथे हा माणूस लोकांसमोर बसून ऐकतो, विचारतो, चुकलं तर माफी मागतो. पण त्याचं सगळ्यात भारी काम बीबीसीवरचं री-असेंबलर, २०१६ चं. गवत कापायच्या जुन्या मशीनचे तीनशेच्या वर सुटे भाग टेबलावर मांडलेले, आणि तो एकटा बसून एकेक नट-बोल्ट जोडत, कुठला वॉशर कशासाठी, पिस्टनची रिंग कशी बसते, सांगत सांगत शेवटी ते मशीन चालू करतो. एका भागात होंडाची छोटी मोटरसायकल पण आहे. आमच्या गॅरेजात शिकायला येणारी पोरं हे बघताना मध्येच थांबवून हातातला पार्ट बघतात आणि परत चालू करतात.

तर माझा क्रम असा राहील, आधी हायलक्स, मग बोट्सवाना, व्हिएतनाम, मेकाँग, झिम्बाब्वे. त्यानंतर क्लार्कसन्स फार्म घरच्यांबरोबर, शिव्या आहेत त्यात, लहान पोरांना बाजूला ठेवा. भारताचा मेचा भाग बघा, क्लार्कसनचा नको. ग्रँड टूर आणि शेतीची सिरीज प्राइमवर आहे, सबटायटल लावून बघा कारण केलेबची आणि शेतावरच्या जेराल्ड काकांची बोली इंग्रजी येणाऱ्यालाही समजत नाही. आणि कोणाचं पोर आयटीआयला मोटर मेकॅनिकला असेल तर हे सगळं राहू दे, त्याला आधी री-असेंबलर दाखवा, पहिला गवत कापायच्या मशीनचा भाग, आणि बघून झाल्यावर त्याच्या हातात एखादा जुना कार्ब्युरेटर द्या.